ओट्सची खिरापत

आमच्या घरात ओट्स आले ते डॉक्टरच्या सांगण्यावरून, माझ्या मर्जीनं नाही. ह्यांचं कोलेस्टेरॉल वाढलं, डॉक्टरांनी सकाळी ओट्स खायला सांगितलं, आणि ह्यांनी दुकानातला सगळ्यात मोठा पुडा उचलून आणला. चार दिवस मुकाट्यानं खाल्ले. मग एका सकाळी वाटी सरकवली नि म्हणाले, "हे गुरांचं खाणं आहे, मले नको." झालं. आता एवढ्या पुड्याचं करायचं काय? टाकून देणं माझ्या स्वभावात नाही, आणि द्यायचा तर घेणार कोण? चिल्यात घातले, थालीपिठात घातले, कटलेटात घातले. पुडा काही संपेना.

शेवटी पोरीनं उपाय काढला. माझी पोरगी कॉलेजात शिकते. मराठी सगळी समजते आणि उत्तर हिंदीत देते. रायपूरच्या आमच्या मराठी घरांतली बहुतेक पोट्टी अशीच. तिनं मोबाईलवर बघून सफरचंदाच्या फोडी छोट्या ओव्हनमध्ये भाजल्या, वर ओट्स, कणीक, गूळ आणि लोणी चोळून केलेला चुरा पसरला. अर्ध्या-पाऊण तासानं बाहेर काढलं तर खाली सफरचंद मऊ, त्याचा रस कडेनं बुडबुडे काढतोय, आणि वरचा थर खरपूस, दाताखाली कुरकुर वाजणारा.

"इसको क्रम्बल बोलते हैं, मम्मी."

"बोल बाई, काहीही बोल," मी म्हटलं. पण चांगलं झालं होतं. ह्यांनी मागून मागून खाल्लं. गुरांची आठवण तेव्हा नाही आली.

हे सगळं ताई आमच्याकडे राहायला आल्यानंतरचं आहे, म्हणून आधी ताईंबद्दल सांगते.

ताई म्हणजे माझी मोठी नणंद. लग्न केलं नाही. रेल्वेच्या ऑफिसात नोकरी केली, धाकट्या भावाला, म्हणजे ह्यांना, शिकवलं, आणि गुढियारीत स्वतःच्या हिमतीवर दोन खोल्यांचं घर बांधलं. तिथून त्या समता कॉलोनीतल्या आमच्या घरावर राज्य करायच्या. दर रविवारी जेवायला येत आणि दर रविवारी माझ्या स्वयंपाकाला नाव ठेवत. वरण पातळ. पोळी जाड. फोडणी करपली. चहा म्हणजे नुसतं पाणी. मी नागपूरहून नवीन नवरी होऊन आले, पहिल्यांदा गुळाचा सांजा केला, सगळे वा वा करत होते, आणि ताईंनी एक घास खाऊन चमचा खाली ठेवला.

"सुंठ नाही टाकली?"

मी म्हटलं, नाही.

"गूळ आला की सुंठ येते. एवढंही शिकवलं नाही का वं तुले माहेरी?"

माहेर काढलं की कोणती बाई गप्प बसेल? मी तर नाहीच बसले. तेव्हापासून आमची जुंपली ती जुंपलीच. त्या बोलायच्या, मी उलटून बोलायची, हे पेपर घेऊन गच्चीवर जायचे. शेजारणींना वाटायचं, ह्या दोघींचं आज फाटणार. फाटत वगैरे काही नव्हतं. पुढच्या रविवारी ताई पुन्हा हजर, पिशवीत माझ्यासाठी कढीपत्ता घेऊन. आणि हो, गुळाच्या पदार्थात सुंठ मी तेव्हापासून घालते. त्यांना तसं कधी सांगितलं नाही, एवढंच.

यंदाच्या उन्हाळ्यात ताईंना झटका आला. उजवा हात-पाय लुळा पडला. पाय हळूहळू सावरला, हातही थोडा हलायला लागला, पण बोलणं गेलं. म्हणजे आवाज होता, शब्दच भलते यायचे. कप दाखवला की म्हणायच्या, चप्पल. खिडकीकडे बोट करून म्हणायच्या, मंगळवार. डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवून नीट सांगितलं. त्यांना सगळं कळतं. शब्द डोक्यात आहे, तोंडात दुसराच येतो. त्यांना बोलू द्या, चुकलं तरी बोलू द्या, कारण हे पहिले काही महिनेच कामाचे आहेत. त्या बोलायच्या थांबल्या तर मग बोलणं परत येणं फार कठीण.

आम्ही त्यांना आमच्याकडे घेऊन आलो. सुरुवातीला त्या बोलत होत्या. चिडत होत्या, हात आपटत होत्या, पण बोलत होत्या. मग एक दिवस बघायला पाहुणे आले. उकडत होतं. ताईंना सांगायचं होतं पंखा लावा, आणि तोंडातून आलं, "सासू लावा." पाहुणे खो खो हसले. वाईट नव्हते बिचारे, हसू आलं म्हणून हसले. ताईंनी तोंड मिटलं.

त्यानंतर आमचंही चुकतच गेलं. त्यांनी तोंड उघडायच्या आत कोणीतरी बोलायचं. पाणी पाहिजे ना ताई? उशी देऊ का आत्या? टीव्ही म्हणायचंय का? सगळं प्रेमानं. ताई आधी मान हलवून हो-नाही करायच्या, मग तेही कमी झालं. स्पीच थेरपीवाली मॅडम चित्रांचे पत्ते घेऊन यायची तर ताई डोळे मिटून घ्यायच्या. मॅडम मला बाहेर येऊन म्हणाली, "कुछ तो बुलवाइए इनसे." कसं बुलवायचं?

मी माझ्या परीनं केलं. एक दिवस मुद्दाम वरणाचं पाणी केलं. ताईंनी खाल्लं. दुसऱ्या दिवशी पोळी मुद्दाम करपवली, काळी, आणि त्यांच्या ताटात वाढली. म्हटलं आता तरी बोलतील. त्यांनी करपलेला भागही सोडला नाही, सगळी पोळी खाऊन ताट बाजूला सारलं. मी स्वयंपाकघरात येऊन रडले. आणि रागानं रडले, हे पण सांगते. इतकी वर्षं ह्या बाईनं माझं डोकं खाल्लं, आणि आता मीच म्हणतेय की खा बाई माझं डोकं, तर ही मुकाट्यानं पोळी खाते.

अशात भुलाबाई आली.

विदर्भातल्या बायकांना भुलाबाई सांगायला नको. भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत संध्याकाळी पोरी घरोघरी जमतात, मातीच्या भुलाबाई-भुलोजीपुढे गाणी म्हणतात, आणि शेवटी खिरापत ओळखायची. खिरापत झाकलेल्या डब्यात. डबा हलवायचा, कान लावायचा, नाव सांगायचं. आमच्या घरात ही रीत ताईंच्या आईनं अमरावतीकडून आणली, ताईंनी सांभाळली, मग माझ्या गळ्यात घातली. ज्वारीचे धांडे इकडे मिळत नाहीत, हा भाताचा मुलुख, म्हणून मखराला आम्ही मक्याचे धांडे बांधतो. पोरीही आता सगळ्या मराठी नाहीत. कॉलोनीतल्या सिंधी, छत्तीसगढी, सगळ्या येतात आणि मोबाईलमध्ये बघून गाणी म्हणतात. म्हणू देत. येतात ते काय कमी आहे?

खिरापत ओळखण्यात ताईंचा हात धरणारं कोणी नव्हतं. डबा कानाशी धरून एकदा हलवायच्या, बस. शंकरपाळे असतील तर मैद्याचे की कणकेचे तेही सांगायच्या. एका वर्षी मी साबुदाण्याचे वडे फडक्यात गुंडाळून ठेवले, म्हटलं आता वाजतील कसे. ताई म्हणाल्या, "आवाज नाही म्हणजे आत कापड आहे. कापड आहे म्हणजे चीज तेलकट आहे. वडे." पोरी टाळ्या वाजवून राहिल्या आणि मी आतल्या आत जळून राहिले.

आणखी एक ताईंचा कायदा असा, की खिरापत भुलाबाईला दाखवल्याशिवाय कोणी चाखायची नाही. करणारणीनं तर नाहीच. बोट चाटलेलं दिसलं की म्हणायच्या, "झाला उष्टा नैवेद्य, कर आता दुसरा." बाकी कशात मी ताईंचं ऐकलं नसेल, ह्यात ऐकत आले.

तर यंदा माझ्या डोक्यात आलं की कोजागिरीला खिरापत करायची क्रम्बलची. का? तर करंजी ठेवली असती, ताईंनी ओळखली असती, आणि तोंडातून करंजीच्या जागी कंदील आलं असतं. मग पुन्हा सगळ्या धावल्या असत्या, करंजी ना आत्या, करंजी! पण ह्या पदार्थाचं नाव माझी पोरगी सोडून तिथं कोणालाच माहीत नसणार. ताईंनीही तो अजून चाखला नव्हता, पहिल्या वेळचा सगळा ह्यांनीच संपवला होता. ताई काहीही म्हणाल्या तरी ते इतर पोरींच्या उत्तराइतकंच चूक. ज्याला सगळेच चुकणार तिथं ताईंवर कोण हसेल? आणि डबा समोर आला की ताईंना गप्प बसवणार नाही, एवढी मी त्यांना ओळखते. पोरीला सांगितलं तर म्हणाली, "मम्मी, क्या दिमाग लगाया है!" आईची अक्कल पहिल्यांदाच दिसली तिला.

आधी एकदा ताईंना न वाढता करून पाहिलं. बाजारात बिही सुरू झाली होती. इकडे पेरूला बिही म्हणतात. म्हटलं सफरचंदापेक्षा आपली बिही बरी. सगळ्या बिया काढल्या असं मला वाटलं, पण एक राहिली आणि ती नेमकी ह्यांच्या दाढेत गेली. संध्याकाळभर घरात दुसरा विषय नव्हता. शिवाय बिहीचा वास लपत नाही, डबा न हलवताच पोरींनी सांगितलं असतं. म्हणून सफरचंदच.

कोजागिरीच्या दुपारी करायला घेतलं. सफरचंदं सोलली, फोडी केल्या, काळ्या पडू नयेत म्हणून लिंबू पिळलं, थोडा गूळ भुरभुरला आणि केकच्या डब्यात पसरल्या. ओट्स कोरडेच हलके भाजून घेतले. पोरीच्या मोबाईलमध्ये हे नव्हतं, पण कच्चं धान्य मी कशातच घालत नाही. त्यात कणीक, किसलेला गूळ, काजूचे तुकडे. पोरीनं दालचिनी घातली होती, मी माझ्या पद्धतीनं सुंठ कुटली, गाळून वाटीत काढली. घरचं लोणी फ्रीजमधून घट्ट असतानाच काढायचं आणि बोटांच्या टोकांनी चोळायचं. तळव्यानं मळलं की त्याचा गोळा होतो, मग वर दगड बसतो. भुरभुरीत झालं की थांबायचं.

तेवढ्यात फाटक वाजलं. अभनपूरकडून येणारा आमचा भाजीवाला मक्याचे धांडे घेऊन आला होता. मी सांगितले होते पाच, ह्यानं आणला होता अख्खा भारा. "एवढ्याचं काय करू रे भैया, छप्पर घालू?" म्हटलं तर "हव दीदी, रख लो ना," म्हणून हसत निघून गेला. धांडे मागच्या अंगणात टेकवले, हात धुतले, चुरा फोडींवर पसरला आणि डबा ओव्हनमध्ये सारला. वास बाहेर जाऊ नये म्हणून स्वयंपाकघराचं दार लावलं, देवाजवळ उदबत्त्यांचा असा धूर केला की हे खोकत गच्चीवर गेले.

दिवेलागणीला पोरी आल्या. ताईंना आम्ही भुलाबाईसमोर खुर्चीत बसवलं, नवी साडी नेसवली. गाणी झाली. ताईंचे ओठ काही हलले नाहीत, पण डावा हात मांडीवर ताल धरून होता. मला तेवढ्यानंही बरं वाटलं.

मग खिरापत. केकचा डबा मी मोठ्या स्टीलच्या डब्यात घालून वर झाकण लावलं होतं. पोरींनी तो हलवला. आत खसखस असा आवाज.

"पॉपकॉर्न!"

"चिवडा!"

"आंटी, केक है ना? हिंट दो ना आंटी."

माझी पोरगी तोंड दाबून हसून राहिली होती. सगळ्या हरल्या. मी म्हटलं, "आता ताई." आणि डबा त्यांच्या मांडीवर ठेवला.

ताईंनी माझ्याकडे बघितलं. मग डाव्या हातानं डबा उचलला, मी खालून आधार दिला, कानाशी धरला आणि एकदा हलवला. एकदाच, पहिल्यासारखा. ताईंच्या कपाळावर आठी आली, ओठ जुळले, सुटले, पुन्हा जुळले. आलं, आता आलं, असं वाटलं.

"चिवडाच आहे ना आत्या?" एक पोरगी लाडानं म्हणाली.

ताईंनी तोंड मिटलं आणि डबा माझ्याकडे ढकलला.

त्या पोरीची काही चूक नव्हती. पण तेव्हा मला तिला उचलून मक्याच्या भाऱ्यावर नेऊन बसवावंसं वाटलं. माझा जीव खट्टू झाला. वाटलं, हेही गेलं. आता ह्या बाईच्या तोंडून शब्द काढायला माझ्याकडे दुसरं काही उरलं नाही.

पण पोरी खोळंबल्या होत्या. झाकण काढलं, नैवेद्य दाखवला, आणि वाट्यांमधून वाढायला घेतलं. पोरींना आवडलं. "आंटी, ये तो मस्त है," "ऊपर का क्रंची वाला और दो," असा गलका झाला. हे गच्चीवरून उतरले नि वाटी घेऊन दारातच उभे राहिले. ताईंच्या डाव्या हातात मी चमचा दिला. त्यांनी एक घास घेतला, चावला. मग थांबल्या. चमचा वाटीत ठेवला आणि मान वर केली.

"सुंठ," ताई म्हणाल्या.

किती दिवसांनी त्यांचा आवाज ऐकला! सगळ्या पोरी वळल्या. आणि मग सगळ्यांनी एकदमच सुरू केलं. सोंठ नाही आत्या, सफरचंद आहे. ॲपल, आत्या, ॲपल! ह्यांनी तर खाली बसून, लहान लेकराला सांगतात तसं सांगितलं, "ताई, सफरचंद. म्हण बरं, स-फ-र-चं-द."

"सुंठ!" ताईंचा चेहरा लाल झाला.

"हो हो, असू दे," हे म्हणाले. पोरगी धावत पाणी घेऊन आली. ताईंनी पेला बाजूला ढकलला, पाणी सांडलं. खुर्चीच्या हातावर डावा पंजा आपटून त्या माझ्याकडे बघून राहिल्या, दुसऱ्या कोणाकडे नाही. "सुंठ! सुंठ!"

आणि तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी हातातली पळी तशीच टाकली आणि स्वयंपाकघरात गेले. ओट्यावर, गुळाच्या डब्यामागे, ती वाटी. आत दुपारी कुटून गाळून ठेवलेली सुंठ, जशीच्या तशी. त्या धांडेवाल्याच्या नादात मी ती घातलीच नव्हती. चाखायचं नाही म्हणून मला कळलं नव्हतं, आणि पोरींना काय कळणार? कळलं ते एकट्या ताईंना.

वाटी घेऊन बाहेर आले.

"कोणी दुरुस्त करू नका त्यांना," मी म्हटलं. "त्या बरोबर बोलून राहिल्या. सुंठच राहिली. हे बघा."

ताईंनी वाटीत बघितलं. मग माझ्याकडे बघितलं, अगदी त्या पहिल्या सांज्याच्या दिवशी बघितलं होतं तसंच. ओठ जुळले. ह्या वेळी मध्ये कोणी बोललं नाही. मी बोलूच दिलं नसतं.

"काहून," ताई म्हणाल्या. थांबल्या. "काहून... विसरली वं?"

मला जे काही वाटलं ते रागासारखंच बाहेर पडलं. "विसरली म्हणजे विसरली! चिमूटभर सुंठीनं काय आभाळ कोसळलं का? एवढं नवीन नवीन करून घातलं त्याचं काही नाही, चूक तेवढी बरी दिसली!" असं मी जोरजोरात भांडत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पोरी घाबरल्या बिचाऱ्या. आजारी बाईवर ही काकू ओरडून काय राहिली, रडून काय राहिली, त्यांना काही कळेना. ह्यांना कळलं. ह्यांनी भिंतीकडे तोंड करून चष्मा पुसायला घेतला, आणि ह्या वेळी गच्चीवर काही गेले नाहीत.

ताईंनी माझं सगळं ऐकून घेतलं. मग आपली वाटी पुढे केली. मी वर सुंठ भुरभुरली. त्यांनी घास घेतला, चावला, आणि पुन्हा वाटी पुढे केली. आणखी भुरभुरली. मग मात्र वाटी चाटूनपुसून खाल्ली. चांगलं झालं असं म्हणाल्या नाहीत. तसं त्या कधीच म्हणत नसत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा केला. ताईंचा कप त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी एक घोट घेतला, कप खाली ठेवला आणि तोंड वाकडं केलं.

"पाणी," ताई म्हणाल्या.

हे लगबगीनं पेला आणायला उठले.

"बसा हो खाली," मी म्हटलं. "पाणी नको आहे त्यांना. चहाला नाव ठेवून राहिल्या त्या."

ताईंनी मान डोलावली. मी कप उचलला आणि चहात आणखी पत्ती टाकायला गेले.